नाहीशा झालेल्या नाट्यगृहांच्या वाटेवर: लंडनमधील एका वॉकचे परीक्षण

इंग्रजी साहित्याच्या पदव्युत्तर वर्गाला मी सत्तावीस वर्षे रिस्टोरेशन काळातील, म्हणजे १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर परतल्यानंतरच्या चार दशकांतील, नाटके शिकवली. दरवर्षी फळ्यावर खडूने एक आयत काढायचा, त्याला रंगमंच म्हणायचे, दोन्ही बाजूंना दारे दाखवायची आणि मग विचर्ली किंवा काँग्रीव्ह यांच्या संवादांकडे वळायचे, असा माझा क्रम ठरलेला होता. निवृत्तीनंतर यंदा मुलीकडे लंडनला दोन महिने राहण्याचा योग आला. त्या काळच्या नाट्यगृहांच्या जागा पायी हिंडून दाखवणारा एक वॉक शहरात चालतो असे तेव्हा कळले आणि एका शनिवारी मी त्यात नाव नोंदवले. या फेरीविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण नाटकाची आवड असलेली आपली बरीच मंडळी लंडनला येतात, मोठमोठ्या संगीतिकांची तिकिटे काढतात आणि ज्या गल्ल्यांतून ही सगळी परंपरा उभी राहिली त्या गल्ल्यांतून काहीही न पाहता निघून जातात.

आधी व्यवहाराचे सांगतो. फेरी लिंकन्स इन फील्ड्सच्या बागेपाशी सुरू होते आणि कोव्हेंट गार्डनमधील रोझ स्ट्रीटवर संपते. माणशी बावीस पौंड पडतात, पावणेतीन तास लागतात आणि आमच्या गटात बारा जण होते. चालणे एकूण फार नाही, पण उभे राहणे पुष्कळ आहे. वाटेत बसायची सोय नाही, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी घडीची काठी-खुर्ची सोबत घ्यावी. गाइड बाई साठीच्या आसपासच्या असून त्यांनी उमेदीची बरीच वर्षे पडद्यामागे नेपथ्याच्या कामात घालवली आहेत, आणि या फेरीचा सर्वांत मोठा गुण त्यातूनच आला आहे. नाटककारांच्या जन्ममृत्यूच्या सनावळ्या त्या सांगत नाहीत. नाटक उभे कसे राहत होते, त्याला पैसा कुठून येत होता आणि प्रकाश कशाचा होता, हे सांगतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, म्हणजे कोणाचा अपेक्षाभंग होणार नाही. या फेरीत त्या काळातील एकही नाट्यगृह पाहायला मिळत नाही, कारण त्यांतील एकही शिल्लक नाही. काही जळाली, काही पाडली गेली, काहींच्या जागेवरून रस्ते गेले. बावीस पौंड देऊन आपण रिकाम्या जागा पाहतो आणि त्या जागा आपल्या मनात भरून देण्याचे काम सर्वस्वी गाइडच्या बोलण्यावर असते. बहुतेक ठिकाणी या बाईंनी ते काम फार उत्तम केले, आणि जिथे केले नाही तिथे ती उणीव जाणवण्याजोगी आहे.

पहिला थांबा पोर्तुगाल स्ट्रीटवर, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या मागच्या बाजूला आहे. १६४२ च्या सप्टेंबरमध्ये पार्लमेंटने नाट्यगृहे बंद केली होती. अठरा वर्षांनी राजा परत आल्यावर त्याने ऑगस्ट १६६० मध्ये टॉमस किलिग्रू आणि विल्यम डॅव्हेनंट या दोघांनाच नाटक मंडळ्या चालवण्याचा अधिकार दिला. किलिग्रूची मंडळी राजाच्या नावाने आणि डॅव्हेनंटची राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच्या नावाने चालू लागली. परवाना मिळाला, पण नाट्यगृह नव्हते. तेव्हा दोघांनीही टेनिसची कोर्टे भाड्याने घेतली. आजच्या टेनिसचे उघडे मैदान येथे डोळ्यांसमोर आणायचे नाही. त्या काळचा हा खेळ चार भिंतींच्या आत, छपराखाली, लांबट इमारतीत खेळला जाई. पोर्तुगाल स्ट्रीटवरील लाईल यांच्या कोर्टात डॅव्हेनंटने जून १६६१ मध्ये आपले नाट्यगृह उघडले आणि इंग्लंडमधील सार्वजनिक नाट्यगृहात सरकते रंगवलेले नेपथ्य पहिल्यांदा तेथे आले. तोपर्यंत तसले नेपथ्य मुख्यतः दरबारातील खेळांतच दिसे. राजा परतण्यापूर्वी, १६५६ मध्ये, डॅव्हेनंटने गायनाच्या नावाखाली एका खासगी घरात त्याचा एक प्रयोग करून पाहिला होता.

येथे बाईंनी पिशवीतून एक लाकडी प्रतिकृती काढली. बुटांच्या खोक्याएवढी ती असेल. तळाशी आणि वर समांतर खाचा होत्या आणि त्या खाचांतून रंगवलेल्या पातळ फळ्या दोन्ही बाजूंनी सरकत येऊन मधोमध जुळत होत्या. दोन अर्धी चित्रे जुळली की एक बाग तयार होई, ती दुभंगली की मागे दिवाणखाना दिसे, आणि दिवाणखान्यात आधीपासून बसलेली माणसे आता प्रेक्षकांना दिसू लागत. हा सगळा बदल प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होत असे. सुरुवातीचे निवेदन झाल्यावर पडदा एकदा वर गेला की सहसा नाटक संपेपर्यंत तो खाली येत नसे. संगीत नाटकांतील गुंडाळीचे रंगीत पडदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यातली गंमत लवकर कळेल, पण एक फरक महत्त्वाचा आहे. हे नेपथ्य मागे राही आणि नट त्याच्या पुष्कळ पुढे, प्रेक्षकांत घुसलेल्या रंगमंचाच्या भागावर उभा राहून बोलत असे. त्या पुढच्या भागाच्या दोन्ही बाजूंना खरी, उघडझाप होणारी दारे होती आणि नटांची बरीचशी ये-जा त्या दारांतून होत असे.

सत्तावीस वर्षे फळ्यावर काढलेली ती दारे मला त्या खोक्यात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसली. या नाटकांत पात्रे इतकी स्वगते का बोलतात, दुसरे पात्र शेजारी उभे असताना प्रेक्षकांशी हळूच बोलणे त्यांना कसे जमते, लपणे आणि ऐकणे यांवर इतकी कथानके का बेतलेली आहेत, या प्रश्नांची उत्तरे मी वर्गात वाङ्मयीन संकेतांच्या भाषेत देत आलो होतो. बाईंनी त्या खोक्यात नटाच्या जागी एक बटण ठेवले आणि त्याच्या तिन्ही बाजूंना प्रेक्षक कुठे बसत ते बोटाने दाखवले. त्यानंतर वेगळे उत्तर द्यायची गरजच उरली नाही. विचर्लीच्या ‘द कंट्री वाइफ’मध्ये बंद दारापलीकडे चाललेल्या गोष्टीवर दाराच्या अलीकडचा नवरा निष्पापपणे बोलत राहतो. त्या प्रवेशाचा सारा भार एका खऱ्या दारावर आहे. फक्त या थांब्यासाठीही फेरीचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

तेथून क्लेअर मार्केटच्या दिशेने गेले की किंग्जवे लागतो. किलिग्रूचे पहिले नाट्यगृह व्हीअर स्ट्रीटवर होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किंग्जवेचा रुंद रस्ता काढताना ती गल्लीच नकाशावरून गेली. बसगाड्यांच्या आवाजात बाईंनी सांगितले की ८ डिसेंबर १६६० रोजी येथे ‘ऑथेल्लो’चा प्रयोग झाला आणि त्यात डेस्डेमोनाची भूमिका एका स्त्रीने केली. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्री नटी म्हणून उभी राहिल्याचा हा पहिला प्रयोग मानला जातो. ती स्त्री कोण याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ॲन मार्शल आणि मार्गारेट ह्यूज अशी दोन नावे घेतली जातात. पुढे १६६२ मध्ये किलिग्रूला जी राजसनद मिळाली तिच्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात हे कलमच घातले गेले.

बालगंधर्वांचे छायाचित्र ज्या घराच्या दिवाणखान्यात होते त्या घरात मी वाढलो. त्यामुळे या थांब्यावर मला स्त्रियांइतकेच, ज्यांच्या हातून त्या भूमिका गेल्या त्या पुरुषांविषयी कुतूहल होते, आणि ते बाईंनी पुरवले. एडवर्ड किनॅस्टन हा स्त्रीभूमिका करणाऱ्या तरुण नटांतला शेवटचा मोठा नट. त्या काळचा सरकारी अधिकारी आणि हौशी प्रेक्षक सॅम्युएल पीप्स याने ऑगस्ट १६६० मध्ये त्याला पाहिले आणि आपण आयुष्यात पाहिलेल्या स्त्रियांत ही सर्वांत सुंदर, अशा आशयाचे वाक्य रोजनिशीत लिहिले. प्रतिष्ठित घरच्या बायका त्याला प्रयोगानंतर त्याच वेषात गाडीत बसवून हाइड पार्कमध्ये फिरायला नेत, असे पुढच्या पिढीतला नट कॉली सिबर सांगतो. राजा नाट्यगृहात येऊन बसला तरी खेळ सुरू होईना, चौकशी केल्यावर राणीची दाढी अजून व्हायची आहे असे उत्तर आले, ही आख्यायिकाही सिबरचीच. बाईंनी ती सांगितली आणि सगळे हसले. पण त्या तेथे थांबल्या नाहीत. नवी कलमे आल्यावर किनॅस्टनने पुरुषभूमिका कशा आत्मसात केल्या आणि पुढची कित्येक वर्षे तो राजे व सेनापती कसा गाजवत राहिला, हेही त्यांनी सांगितले. कलावंताच्या आयुष्यातील एवढ्या मोठ्या उलथापालथीला त्यांनी फक्त विनोदाचा विषय होऊ दिले नाही, हे मला मनापासून आवडले.

फेरीचा मध्यबिंदू अर्थातच ड्रुरी लेन. थिएटर रॉयलचे मुख्य दार आज कॅथरीन स्ट्रीटवर आहे. हीच त्या काळची ब्रिजेस स्ट्रीट. सध्या उभी असलेली इमारत १८१२ ची, त्या जागेवरची चौथी. पहिली ७ मे १६६३ रोजी उघडली आणि जानेवारी १६७२ मध्ये आगीत गेली. दुसरी मार्च १६७४ मध्ये उघडली. पहिल्या नाट्यगृहाची इमारत सुमारे ११२ फूट लांब आणि ५९ फूट रुंद होती आणि आजूबाजूच्या घरांच्या मधोमध असल्यामुळे तिच्यात अरुंद बोळांतूनच शिरावे लागे. आमच्या नशिबाने नेमका येथेच पाऊस आला. छत्र्या उघडताना बाईंनी १ जून १६६४ ची हकीकत सांगितली. नाट्यगृहाच्या छपराला उजेडासाठी काचेचा घुमट होता. त्या दिवशी गारांचा असा मारा झाला की पिटमध्ये, म्हणजे रंगमंचासमोरच्या खालच्या बैठकीत, मधोमध बसलेल्या पीप्सला आणि इतरांना नाटक संपण्याआधी उठावे लागले. प्रयोग दुपारी तीनच्या सुमारास सुरू होत. वरून दिवसाचा उजेड आणि आत मेणबत्त्यांची झुंबरे, अशा प्रकाशात खेळ चाले आणि प्रेक्षागृहही रंगमंचाइतकेच उजळलेले असे. म्हणून कोण आले, कोणाशेजारी बसले, कोणी मुखवटा घातला आहे, हे सगळ्यांना दिसे, आणि नाटककार ते हिशेबात धरूनच लिहीत.

दरांचा तपशील बाईंनी एका जाड कागदावर लिहून आणला होता. बॉक्सला चार शिलिंग, पिटला अडीच, मधल्या गॅलरीला दीड आणि वरच्या गॅलरीला एक शिलिंग. सामान्य मजुराला एक शिलिंगही जड होती. लंडनसारख्या मोठ्या शहरात दोनच परवानाधारक मंडळ्या असूनही दोन्ही नेहमी अडचणीत का असत, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे. प्रेक्षक मोजके आणि तेच ते, त्यामुळे एखादे नाटक सलग सहा-सात दिवस चालले तरी ते गाजले असे म्हणत आणि नवे नाटक सतत लागे. जुन्या नाटकांचा मोठा साठा किलिग्रूच्या वाट्याला गेला होता, तर डॅव्हेनंटकडे मोजकीच नाटके होती. नेपथ्य, संगीत आणि जुन्या नाटकांची नवी रूपे यांच्याकडे डॅव्हेनंट वळला त्यामागे कलात्मक ध्यासाइतकीच ही गरजही होती, हा बाईंचा मुद्दा मला पूर्ण पटला. फळे विकण्याचाही ठेका होता. मेरी मेग्ज नावाच्या विधवेने १६६३ मध्ये या नाट्यगृहात संत्री, लिंबे आणि मिठाई विकण्याचा हक्क एकोणचाळीस वर्षांसाठी घेतला. शंभर पौंड एकरकमी दिले आणि शिवाय खेळ असेल त्या प्रत्येक दिवशी सहा शिलिंग आठ पेन्स देण्याचे कबूल केले. संत्रे सहा पेन्सला विकले जाई, म्हणजे वरच्या गॅलरीच्या तिकिटाच्या निम्म्या किमतीला. नाटक कंपन्यांच्या जमाखर्चाच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्या कोणाही मराठी माणसाला हा भाग जिव्हाळ्याचा वाटेल.

फेरीची पहिली खरी उणीवही याच ठिकाणी आहे. संत्रेवाल्या मुलींवरून विषय नेल ग्विनकडे गेला आणि तेथेच अडकला. नेल ही असामान्य विनोदी नटी होती यात शंका नाही. मार्च १६६७ मध्ये नाटककार ड्रायडनच्या ‘सीक्रेट लव्ह’मधील तिची फ्लोरिमेलची भूमिका पाहून पीप्स वेडावून गेला होता. पण पंचवीस मिनिटांपैकी वीस मिनिटे तिच्या आणि राजाच्या संबंधांवर गेली आणि तिच्या अभिनयावर जेमतेम पाच. एलिझाबेथ बॅरीच्या शोकभूमिकांनी त्या काळच्या शोकांतिकेचे वळणच बदलले. ॲन ब्रेसगर्डलला डोळ्यांसमोर ठेवून काँग्रीव्हने मिलामंट ही नायिका लिहिली. या दोघींचा उल्लेख मला प्रश्न विचारून करवून घ्यावा लागला. विचारल्यावर बाई सुरेख बोलल्या, म्हणजे माहितीची कमतरता नव्हती. गटाला काय आवडेल याचा त्यांनी बांधलेला अंदाज तेवढा मला खटकला. रंगभूमीवर स्त्रिया आल्या या घटनेचे महत्त्व आधीच्या थांब्यावर इतक्या गांभीर्याने सांगितल्यावर त्या स्त्रियांचे काम मागे पडायला नको होते.

दुसरी उणीव बहुधा मराठी श्रोत्यालाच बोचेल, पण तिची नोंद करतो. याच जागी, १६७४ मध्ये उघडलेल्या नाट्यगृहात, नोव्हेंबर १६७५ मध्ये ड्रायडनचे ‘ऑरेंग-झीब’ रंगमंचावर आले. नायक औरंगजेब, स्थळ आग्रा. नाट्यगृह उघडले त्याच वर्षी जून महिन्यात रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला होता आणि ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेथे हजर होता. ज्या राजाने या मंडळ्यांना सनदा दिल्या त्याच राजाला १६६१ च्या विवाह करारात मुंबई मिळाली आणि त्यानेच ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली. फ्रेंच प्रवासी बर्निये याच्या वृत्तांतावरून ड्रायडनने कथानक उचलले, पण त्याचा औरंगजेब पित्याशी एकनिष्ठ, संयमी आणि कर्तव्यदक्ष आहे. बंडखोरीचे सगळे अवगुण मोरात या भावाच्या पदरात टाकले आहेत. बापाला कैदेत टाकून गादीवर बसलेला खरा औरंगजेब तेव्हा हयात होता, राज्य करीत होता, आणि काही वर्षांनी दख्खनेत उतरून अखेर अहमदनगरजवळ मरणार होता. लंडनच्या प्रेक्षकाला मात्र तो यमकबद्ध द्विपदींत बोलणारा आदर्श पुत्र म्हणून दिसला. हे नाटक मी वर्गात शिकवीत असे तेव्हा मुले चक्रावून जात, आणि त्या चक्रावण्यातून फार चांगल्या चर्चा होत. फेरीत याचा उल्लेख नव्हता. मी तो केला तेव्हा बाईंनी मोकळेपणाने ऐकून घेतले आणि स्वतःहून भर घातली की त्या मोरातची भूमिका किनॅस्टनने केली होती आणि तो सिंहासारखा दिसे अशी तिची ख्याती होती. पंधरा वर्षांपूर्वी ज्याला सुंदर स्त्री म्हणून लोक पाहत होते तोच हा नट. हा धागा फेरीत कायमचा घ्यावा अशी विनंती मी त्यांना केली आहे.

रसेल स्ट्रीट आणि बो स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचे विल्सचे कॉफीगृह, जिथे ड्रायडनचा अड्डा असे, आणि सेंट पॉल्स चर्च हे थांबे चांगले पण धावते आहेत. चर्चच्या दर्शनी भागावर पीप्सने मे १६६२ मध्ये येथे बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद कोरलेली आहे, ती चुकवू नये. शेवट रोझ स्ट्रीटवर होतो. १८ डिसेंबर १६७९ च्या रात्री या बोळात भाडोत्री गुंडांनी ड्रायडनला बेदम मारले. एका उपहासात्मक काव्यातील टीका त्याची समजून कोणीतरी हे करवले. कोणी, ते कधीच सिद्ध झाले नाही. बोळ आजही इतका अरुंद आहे की बारा जणांना एका ओळीत उभे राहावे लागले. तेथे प्रतिकृती नाही, चित्र नाही, काही नाही. बाईंनी आवाज खाली आणून ती रात्र सांगितली आणि फेरी संपवली.

ती येथे संपते हीच माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. त्या काळातील सर्वांत भव्य नाट्यगृह या मार्गावर नाहीच. डॉर्सेट गार्डन हे ड्यूकच्या मंडळीचे नाट्यगृह फ्लीट स्ट्रीटच्या दक्षिणेला, थेट थेम्सच्या काठावर होते. नोव्हेंबर १६७१ मध्ये ते उघडले, सुमारे नऊ हजार पौंड खर्च आला, आणि प्रेक्षक नावेतून येऊन त्याच्या पायऱ्यांवर उतरत. डॅव्हेनंट तोवर वारला होता. मंडळीचे काम टॉमस बेटर्टनसारखे नट पाहत होते. उडती यंत्रे, ढगांतून उतरणाऱ्या देवता आणि पर्सेलचे संगीत यांनी नटलेले ‘किंग आर्थर’ आणि ‘द फेअरी क्वीन’ हे मोठे खेळ येथेच झाले. या रंगमंचाचे रूप आपल्याला ठाऊक आहे ते एलकाना सेटलच्या ‘द एम्प्रेस ऑफ मोरोक्को’ या नाटकाच्या १६७३ च्या छापील प्रतीतील चित्रांमुळे. नेपथ्याची प्रतिकृती घेऊन फिरणाऱ्या गाइडने नेपथ्याचे हे माहेरघर वगळावे हे मला समजत नाही. अंतर हे कारण त्यांनी दिले. ते खरे आहे, पण लिंकन्स इनऐवजी टेम्पलच्या बाजूने सुरुवात केली तर तेही जमेल.

डॉर्सेट गार्डन वगळल्यामुळे आणखी एक मोठे नुकसान झाले आहे. आफ्रा बेनला या फेरीत फक्त दोन वाक्ये मिळतात. लेखणीवर पोट भरणारी इंग्लंडमधील ही पहिल्या स्त्रियांपैकी एक. राजासाठी हेरगिरी करायला १६६६ मध्ये अँटवर्पला गेलेली ही बाई कर्जबाजारी होऊन परतली, १६७० मध्ये पोर्तुगाल स्ट्रीटवरच्या त्याच टेनिस कोर्टात तिचे पहिले नाटक झाले, आणि ‘द रोव्हर’ १६७७ मध्ये डॉर्सेट गार्डनला गाजले. त्या काळी नाटककाराला ठरावीक मानधन नसे. तिसऱ्या प्रयोगाचा नफा त्याचा, अशी रीत होती. म्हणजे नाटक दोन दिवसांत पडले तर लेखकाच्या हाती काहीच नाही. या अटीवर एका स्त्रीने जवळजवळ वीस वर्षे नाटके लिहिली. फळांचा ठेका आणि तिकिटांचे दर इतक्या तपशिलाने सांगणाऱ्या फेरीत तिसऱ्या दिवसाचा हा हिशेब पोर्तुगाल स्ट्रीटवरच सांगता आला असता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच ट्यूडर स्ट्रीटच्या भागात गेलो. डॉर्सेट राइज नावाची चढणीची गल्ली तेवढी जुन्या नावाची खूण सांगते. नाट्यगृह अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाडले गेले, आणि व्हिक्टोरिया एम्बँकमेंट बांधताना नदीच दूर सरकली, त्यामुळे नावा कुठे लागत असतील ते आता कार्यालयांच्या इमारतींमधून कळत नाही. तेथून पुढे वेस्टमिन्स्टर ॲबेला जाऊन आफ्रा बेनची कबर पाहिली. ती कवींच्या कोपऱ्यात नाही, बाहेरच्या ओवरीत फरशीत बसवलेली काळी शिळा आहे. कितीही बुद्धी असली तरी मृत्यूपुढे तिचे संरक्षण अपुरेच पडते, अशा अर्थाच्या दोन ओळी तिच्यावर आहेत. बेटर्टन आणि ब्रेसगर्डल यांनाही याच ओवऱ्यांत पुरले आहे. ज्यांनी एकमेकांचे शब्द लिहिले आणि उच्चारले ती माणसे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

माझी शिफारस अशी आहे. नाटक करणाऱ्या, लिहिणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या कोणीही ही फेरी जरूर करावी, विशेषतः नेपथ्य आणि प्रकाशयोजनेत काम करणाऱ्या तरुणांनी. पोर्तुगाल स्ट्रीटवर पुढे उभे राहावे, कारण ती प्रतिकृती लहान आहे आणि मागच्यांना खाचा दिसत नाहीत. ड्रुरी लेनला नट्यांच्या कामाविषयी स्वतः प्रश्न विचारावेत, उत्तरे उत्तम मिळतात. जाण्यापूर्वी ‘द कंट्री वाइफ’ किंवा ‘द रोव्हर’ यांपैकी एक नाटक वाचून जावे. आणि फेरी सकाळची असेल तर दुपार मोकळी ठेवून फ्लीट स्ट्रीटवरून डॉर्सेट राइज उतरून नदीपर्यंत चालत जावे. तिकडे कोणी गाइड नाही, पाटी शोधावी लागते, पण वीसेक मिनिटांची ती वाट या फेरीचा राहिलेला अर्धा भाग आहे.